गुड्स वन्स सोल्ड

दुकानातल्या बिलाच्या तळाशी बारीक टाइपात छापलेलं एक इंग्रजी वाक्य आपल्याकडे जवळजवळ सगळ्यांना पाठ असतं : ‘गुड्स वन्स सोल्ड विल नॉट बी टेकन बॅक.’ इंग्रजीशी ज्यांचा एरवी संबंध येत नाही त्यांनाही त्याचा अर्थ बरोबर कळतो, कारण साडी परत करायला गेलं की दुकानदार त्याच ओळीवर बोट ठेवतो. त्यातल्या ‘वन्स सोल्ड’कडे मात्र व्याकरणाच्या नजरेनं सहसा कुणी बघत नाही. ‘वन्स’ म्हणजे ‘एकदा का’. त्याच्यामागून खरं तर अख्खं वाक्य यायला हवं, ‘वन्स दे आर सोल्ड’. त्यातलं ‘दे’ गेलं, ‘आर’ गेलं, उरलं नुसतं ‘सोल्ड’. तरी अर्थात खोट आली नाही. काय विकलं ते शेजारच्या ‘गुड्स’वरून कळतं, आणि विक्री आधीची, परतीचा प्रश्न नंतरचा, हे ‘वन्स’ सांगतं.

दुसरं वाक्य पाकिटांवरचं. बँका, विमा कंपन्या, म्युच्युअल फंड यांच्या लिफाफ्यांवर पाठवणाऱ्याच्या पत्त्याआधी छापलेलं असतं : ‘इफ अनडिलिव्हर्ड, प्लीज रिटर्न टू’. इथे गळालेल्या शब्दांची यादी जरा लांब आहे. पत्र गळालं, ‘इज’ गळालं, आणि परत काय करायचं ते सांगणारं ‘इट’सुद्धा गळालं. शिवाय शाळेत शिकवलेला नियम इथे लावला तर भलतंच निघतं. पहिल्या तुकड्यातला न सांगितलेला कर्ता हा मुख्य वाक्याचाच कर्ता असतो, असं तो नियम म्हणतो. मुख्य वाक्य आज्ञार्थी आहे, त्याचा कर्ता ‘यू’, म्हणजे टपालखात्याचा माणूस. म्हणजे पोचता न झालेला तो पोस्टमनच ठरतो! एखाद्या पोस्टमननं स्वतःलाच परत पाठवल्याचं अजून तरी ऐकिवात नाही.

पहिल्या वाक्यात नियम पाळला जातो, दुसऱ्यात तो सरळ मोडतो, आणि दोन्ही वाक्यं आपापलं काम चोख करतात. इंग्रजी वाक्यातून शब्द गळतात तेव्हा नेमकं काय गळतं, वाचणाऱ्यानं ते कशाच्या आधारावर भरून घ्यायचं, आणि मराठी माणूस इंग्रजी लिहायला बसला की नेमका याच जागी का अडखळतो, हा या छोट्या पुस्तकाचा विषय आहे. इंग्रजी व्याकरणात अशा तुकड्यांना ‘रिड्यूस्ड क्लॉज’ म्हणतात. मराठीत मी त्यांना संक्षिप्त उपवाक्य म्हटलं आहे. कुणाला याहून बरं नाव सुचलं तर त्यांनी ते खुशाल वापरावं.

आपल्याकडे इंग्रजी शिकवण्याची मूळ चाल भाषांतराची. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्यांनी इंग्रजी गिरवलं. पुढे शालान्त परीक्षेत ‘डू ॲज डिरेक्टेड’ नावाचा प्रश्न आला आणि वाक्यं कॉम्प्लेक्सची सिंपल, सिंपलची कॉम्प्लेक्स करण्याचा कारखाना सुरू झाला. ‘द मॅन हू इज स्टँडिंग ॲट द डोअर इज माय अंकल’ हे वाक्य सिंपल करा. ‘हू इज’ खोडा, झालं. पोरं दहा मिनिटांत शिकतात आणि पैकीच्या पैकी मार्क मिळवतात.

हे खोडकाम आपल्या मास्तरांनी काढलेलं नाही. त्याची वंशावळ मोठी आहे. पॅरिसजवळच्या पोर-रोयालच्या मठाशी जोडलेल्या आर्नो आणि लांसलो या दोघांनी १६६० साली एक व्याकरण प्रसिद्ध केलं. विशेषण हे दडलेलं वाक्य असतं, असा त्यांचा विचार. अदृश्य ईश्वरानं दृश्य जग निर्माण केलं, असं कुणी म्हटलं तर त्यात तीन विधानं एकात एक बसवलेली आहेत : ईश्वर अदृश्य आहे, त्यानं जग निर्माण केलं, ते जग दृश्य आहे. नोम चॉम्स्की यांनी १९६६ मध्ये ‘कार्टेशियन लिंग्विस्टिक्स’ या पुस्तकात या मंडळींना आपले पूर्वज म्हणून मान दिला. त्याच दशकात त्यांच्या परंपरेतल्या व्याकरणकारांनी संबंधी सर्वनाम आणि ‘बी’चं रूप मिळून गाळण्याचा एक नियमच बांधला. ‘विच इज’ भरभर म्हटलं तर जसं ऐकू येईल तसं त्याला नावही पडलं, ‘व्हिझ डिलीशन’. व्याकरणात विनोद फार थोडे असतात, त्यातला हा एक.

नियम देखणा आहे. खोट अशी की तो खरा नाही, निदान पुरता खरा नाही. ‘अ बॉक्स कंटेनिंग टेन बुक्स’ घ्या. इथून काय खोडलं? ‘विच इज’ म्हणावं तर पूर्ण वाक्य ‘अ बॉक्स विच इज कंटेनिंग टेन बुक्स’ असं होतं, आणि ते चुकीचं इंग्रजी आहे. बरोबर वाक्य ‘विच कंटेन्स’. तसंच ‘एनिवन ओनिंग अ कार’, तसंच ‘पीपल नोइंग द ॲन्सर’. असणं, जाणणं, मालकी, सामावणं अशा अर्थाची क्रियापदं इंग्रजीत सहसा चालू काळ घेत नाहीत, पण पार्टिसिपल (धातुसाधितं) मात्र बिनदिक्कत होतात. जे वाक्य मुळात नव्हतंच त्यातले शब्द खोडणार कसे? आपल्या इंग्रजीची ‘आय ॲम नोइंग’ म्हणून जी टिंगल होते, तिला या खोडरबर-व्याकरणानंही थोडं खतपाणी घातलं असावं असा माझा संशय आहे. ‘कंटेनिंग’ दिसलं की मागे ‘इज’ लावायचं, असं एकदा हाताला वळण पडलं, की ‘धिस बॉक्स इज कंटेनिंग’ फार लांब राहत नाही.

म्हणून ‘इथे कुठले शब्द गाळले आहेत?’ हा नेहमीचा प्रश्न मी या पुस्तकात शक्यतो टाळला आहे. त्याऐवजी दोन प्रश्न विचारले आहेत : कोण, आणि कधी. संक्षिप्त उपवाक्यात खरोखर नसतात त्या दोनच गोष्टी, कर्ता आणि काळ. ‘कंटेनिंग’ला स्वतःचा काळ नाही. शेजारी ‘वॉज फाउंड’ असेल तर खोक्यात पुस्तकं तेव्हा होती, ‘विल बी सेंट’ असेल तर पाठवताना असतील. कर्ताही तसाच उसना, तो नामाकडून किंवा मुख्य वाक्याकडून मिळवायचा. कुणाकडून मिळवायला परवानगी आहे आणि कुणाकडून नाही, यावरच इंग्रजीचे सगळे नियम आणि मराठी लेखकाच्या बहुतेक चुका उभ्या आहेत.

शब्द गळतो की अर्थ, हा वाद आपल्याला नवा नाही. शाळेत ‘कर्ता अध्याहृत’ असं लिहून मोकळे होताना त्या अध्याहारावर मीमांसकांनी, म्हणजे मीमांसा दर्शनाच्या पंडितांनी, किती डोकं शिणवलं होतं याची आपल्याला कल्पना नसते. त्यांचं उदाहरण एका शब्दाचं आहे : ‘द्वारम्’. आपणही एखाद्यानं दार उघडं टाकलं की नुसतं ‘ए, दार!’ म्हणतो आणि तो मुकाट मागे फिरून दार लावतो. कुमारिल भट्टांच्या अनुयायांचं म्हणणं, ऐकणारा मनातल्या मनात ‘लाव’ हा शब्दच जोडून घेतो. अर्थ शब्दातूनच येत असल्यामुळे शब्दाशिवाय वाक्य पुरं होणार कसं? प्रभाकरांचा पक्ष म्हणतो, शब्दाची गरज नाही, जोडला जातो तो थेट अर्थ. दिवसा न जेवणाऱ्या लठ्ठ देवदत्ताच्या प्रसिद्ध उदाहरणावरूनही दोन्ही पक्ष असेच भांडले. तो रात्री जेवत असणार हे दोघांनाही मान्य, पण भाट्टांना त्यासाठी ‘रात्री जेवतो’ असं वाक्य हवं, प्राभाकरांना नुसती ती गोष्ट पुरते.

विसाव्या-एकविसाव्या शतकातल्या इंग्रजी व्याकरणकारांमध्ये जवळपास हीच फूट दिसते, तेव्हा मीमांसकांना इथे आणणं ओढूनताणून आहे असं मला वाटत नाही. रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांचं १९८५ चं मोठं व्याकरण म्हणतं, की गळालेले शब्द जसेच्या तसे परत मिळवता आले तरच त्याला खऱ्या अर्थानं शब्दलोप म्हणावं, बाकीच्या प्रकारांना पायऱ्या-पायऱ्यांनी कमी दर्जा द्यावा. हडलस्टन आणि पुलम यांनी २००२ साली केंब्रिजसाठी संपादित केलेला अठराशेच्या वर पानांचा ग्रंथ आणखी पुढे जातो. ‘स्टँडिंग ॲट द डोअर’ हे त्यांच्या लेखी कापलेलं वाक्य नाहीच. ते स्वतःच्या घडणीचं, काळ नसलेलं उपवाक्य आहे. डॅनिश पंडित ऑटो येस्पर्सन यांनी तर त्याआधीच ‘द मॅन आय सॉ’ या रचनेबद्दल असाच हट्ट धरला होता. मधलं ‘हूम’ किंवा ‘दॅट’ गाळलं आहे असं म्हणू नका, दोन तुकडे एकमेकांना चिकटून उभे आहेत एवढंच म्हणा, असं सांगून त्यांनी त्याला ‘काँटॅक्ट क्लॉज’ हे नाव दिलं.

माझा कल कुठे, असं कुणी विचारलं तर शिकवताना मी सोयीप्रमाणे पक्ष बदलतो. ‘इफ एनी’, ‘इफ नेसेसरी’, ‘ॲज सून ॲज पॉसिबल’, ‘लेटर दॅन एक्स्पेक्टेड’ यांना कुमारिलांच्या पद्धतीनं शिकवावं. ‘इफ इट इज नेसेसरी’ असा शब्द भरून दाखवला की मुलाला पटतं आणि नुकसान काही होत नाही. पार्टिसिपलच्या बाबतीत मात्र प्रभाकर बरे.

आता मूळ दुखण्याकडे. मराठी माणसाला ही गोष्ट परकी नाही. उलट ती त्याच्या रक्तात आहे, आणि घोटाळा होतो तो त्यामुळेच. ‘-ऊन’, ‘-ताना’, ‘-लेला’, ‘-णारा’ ही चार धातुसाधितं नसतील तर मराठीचं पान हलणार नाही. ‘उठून, तोंड धुऊन, चहा घेऊन, पळत जाऊन बस पकडली’ हे वाक्य लहान पोरही सहज बोलतं. इंग्रजीत तसंच ‘गेटिंग अप, वॉशिंग, ड्रिंकिंग टी’ करत गेलं की वाचणाऱ्याला धाप लागते. इंग्रजी अशा वेळी साधी भूतकाळी क्रियापदं ‘अँड’नं जोडून मोकळी होते. शिवाय ‘-ऊन’मध्ये काम संपल्याचा भाव असतो, नुसत्या ‘-इंग’मध्ये तो नसतो. ‘बी. ए. करून बँकेत लागलो’ याचं ‘डूइंग बी. ए., आय जॉइन्ड अ बँक’ केलं, की पदवीचा अभ्यास आणि नोकरी एकाच वेळी चाललेली दिसते. तिथे ‘हॅव्हिंग डन’ हवं, नाहीतर सरळ ‘आफ्टर’.

पण काळापेक्षा कर्त्याची भानगड मोठी. ‘बसची वाट बघताना पाऊस आला.’ हे निर्दोष मराठी आहे. पाऊस बसची वाट बघत होता असा संशय कुणाच्या मनाला शिवत नाही, कारण ‘-ताना’ला मुख्य वाक्याचाच कर्ता लागतो असा मराठीचा आग्रह नाही. प्रसंगावरून समजेल तो कर्ता चालतो, आणि हवा तर वेगळा सांगताही येतो : ‘मी वाट बघत असताना’. ‘वेटिंग फॉर द बस, इट स्टार्टेड रेनिंग’ असं लिहिलं, की मात्र इंग्रजीच्या मास्तरांची तांबडी शाई सांडते. ‘-ऊन’ जरा कडक आहे. ‘मी तिकीट काढून गाडी सुटली’ असं कुणी म्हणत नाही. तरी त्यालाही पळवाटा आहेत. ‘पाऊस पडून चिखल झाला’, इथे कारण आणि परिणाम असल्यामुळे दोन कर्ते चालतात. ‘त्यांना जाऊन दोन वर्षं झाली’, इथे काळाची मोजणी असल्यामुळे. आणि सगळ्यात मोठी पळवाट ‘मला’ची. ‘पत्र वाचून मला रडू आलं.’ क्रियापद ‘रडू’प्रमाणे चालतं, म्हणजे व्याकरणातला कर्ता ‘रडू’, पण पत्र वाचणारा ‘मला’मध्ये बसला आहे. मराठीत भूक लागते, झोप येते, राग येतो, आठवण होते, आवडतं, पटतं, सुचतं. ज्याला हे सगळं होतं तो चतुर्थीत असतो आणि तरी धातुसाधिताचा धनी तोच असतो. इंग्रजी ही मुभा देत नाही. ‘रीडिंग द लेटर, टीअर्स केम टू माय आइज’ म्हटलं तर पत्र अश्रूंनी वाचलं असा अर्थ निघतो. भावनेची वाक्यं इंग्रजीत नेताना आपल्याकडचे चांगले लिहिणारेही घसरतात ते इथेच. त्यात निष्काळजीपणाचा भाग थोडा, मराठी नियम इमानानं पाळल्याचा भाग जास्त.

या चुकीला इंग्रजीत ‘डँगलिंग पार्टिसिपल’ म्हणतात, म्हणजे लोंबकळणारा. विल्यम स्ट्रंक यांच्या १९१८ च्या छोट्या पुस्तिकेत त्याविरुद्ध खास नियम आहे, फाउलर यांनी १९२६ च्या कोशात त्याच्यावर लेख लिहिला. एवढी बंदी घालावी लागते याचा अर्थ इंग्रज स्वतःही ती मोडत आले आहेत. ‘हॅम्लेट’च्या पहिल्या अंकात राजाचं भूत आपल्या मृत्यूची पसरवलेली खोटी हकीकत सांगतं. बागेत झोपलो असताना साप चावला, अशी ती हकीकत. शेक्सपिअरनं ती ज्या शब्दांत मांडली आहे त्यात कडक व्याकरणाप्रमाणे बागेत झोपला होता तो साप. चारशे वर्षांत प्रेक्षकांचं काही अडलेलं नाही.

मग नियम शिकवायचाच कशाला? माझं उत्तर असं, की भुताला आणि लिफाफ्याला प्रसंगाचा आधार असतो. अर्ज, अहवाल, करारनामा, प्रबंध यांना तो नसतो. ‘आफ्टर इन्स्पेक्टिंग द साइट, द कॉन्ट्रॅक्टर वॉज पेड’ या वाक्यात जागेची पाहणी इंजिनिअरनं केली की ठेकेदारानं स्वतःच, यावर उद्या कोर्टात पैसे वसूल व्हायचे की नाही ते ठरू शकतं. तिथे नियम पाळावा. बोलताना कुणी मोडला तर त्याला तिथल्या तिथे दुरुस्त करू नये. तो शिष्टपणा झाला.

काही पार्टिसिपल तर लोंबकळता लोंबकळता नोकरीत कायम झाले. ‘कन्सिडरिंग’, ‘रिगार्डिंग’, ‘पेंडिंग’, ‘प्रोव्हायडेड’ यांना आता कर्ता कोण असं कुणी विचारत नाही. ‘ड्युरिंग’ तर टिकणं या अर्थाच्या ‘ड्युअर’ नावाच्या जुन्या क्रियापदाचा पार्टिसिपल. क्रियापद वापरातून गेलं, तो मागे राहिला. ‘वेदर परमिटिंग’ किंवा ‘ऑल थिंग्ज कन्सिडर्ड’ यांची गोष्ट वेगळी. त्यात कर्ता गाळलेलाच नसतो, स्वतःचा कर्ता बरोबर घेऊन आलेलं ते स्वतंत्र बिऱ्हाड असतं. संस्कृतची सति सप्तमी जे शिकले आहेत त्यांना ही रचना बघताक्षणी ओळखता येईल. त्यांच्यासाठी ते प्रकरण दोनच पानांचं ठेवलं आहे.

‘-लेला’ची करामत याहून निराळी. ‘माणसानं वाचलेलं पुस्तक’ आणि ‘पुस्तक वाचलेला माणूस’, दोन्हीकडे एकच रूप. ‘मुंबईहून आलेले पाहुणे’, ‘आम्ही राहिलेलं हॉटेल’, ‘मी शिकलेली शाळा’. वाचणारा, वाचलं जाणारं, येणारा, राहण्याची जागा, सगळ्यांना हे एक रूप पुरतं. इंग्रजीचा पास्ट पार्टिसिपल एवढा दिलदार नाही. नामामागे तो सहसा कर्मणी अर्थानंच येतो : ‘द बुक रिटन इन मराठी’ चालतं, पण ‘मुंबईहून आलेले पाहुणे’ यासाठी ‘हू केम’ म्हणायलाच हवं. ‘फॉलन लीव्ह्ज’, ‘रिटायर्ड जज’, ‘एस्केप्ड प्रिझनर’ असे मोजके अपवाद आहेत. हे लक्षात न आल्यामुळे ‘द गेस्ट्स केम फ्रॉम मुंबई आर स्लीपिंग’ अशी वाक्यं होतात. लिहिणाऱ्याला वाटतं ‘हू’ गाळण्याची मुभा आहे. ती आहे, पण ‘हू’ कर्ता नसेल तेव्हा. ‘द गेस्ट आय मेट’ ठीक, ‘द गेस्ट मेट मी’ हे वेगळंच वाक्य झालं. आयर्लंड-स्कॉटलंडच्या बोलीत कर्ता असलेलं ‘हू’सुद्धा गाळतात, पण परीक्षेला तपासनीस तिथून येत नाहीत. आणि हॉटेलच्या बाबतीत मागे राहिलेला ‘ॲट’ विसरू नये. ‘द हॉटेल वुई स्टेड ॲट’. मराठीत त्याची जागाच नसल्यामुळे आपल्या हातून तो हमखास राहतो.

जागेवरून आठवलं. मराठीत विशेषणाचा तुकडा कितीही लांब असला तरी नामाच्या पुढ्यात उभा राहतो. इंग्रजीत एकच शब्द असेल तर बहुधा आधी, तुकडा असेल तर नंतर. काही शब्दांची जागा बदलली की अर्थच बदलतो. ‘द ऑफिसर कन्सर्न्ड’ म्हणजे संबंधित अधिकारी. ‘द कन्सर्न्ड ऑफिसर’ म्हणजे, इंग्लंडच्या इंग्रजीप्रमाणे, काळजीत पडलेला अधिकारी. आपल्या सगळ्या सरकारी पत्रव्यवहारात दुसरं रूप पहिल्याच्या अर्थानं चालतं, कारण ‘संबंधित अधिकारी’ हा क्रम मनात पक्का आहे. भारतीय इंग्रजीत ते आता इतकं रुळलंय की त्याला चूक म्हणण्यात अर्थ नाही. परदेशी पत्र पाठवताना मात्र आपला अधिकारी कशाची चिंता करतोय, असा प्रश्न तिकडे पडू शकतो.

नामामागून येणाऱ्या अशा तुकड्याचं वजन किती असू शकतं ते पाहायचं तर घटनादुरुस्तीची पद्धत सांगणारं राज्यघटनेचं ३६८ वं कलम उघडावं. सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमत तर हवंच, शिवाय ‘मेंबर्स ऑफ दॅट हाउस प्रेझेंट अँड व्होटिंग’ यांची निदान दोन तृतीयांश मतं हवीत. यातले शेवटचे तीन शब्द हे संक्षिप्त उपवाक्यच आहे : जे हजर आहेत आणि जे मत देत आहेत असे. मधला ‘अँड’ महत्त्वाचा, दोन्ही अटी एकाच सदस्याला लागू. हजर राहून मत न देणारा या मोजणीतून गळतो. तटस्थ राहिलेल्यांना धरून दोन तृतीयांश काढायचे की सोडून, हा कोट्यवधी लोकांवर परिणाम करणारा हिशेब एका पार्टिसिपलवर उभा आहे.

वाचताना होणारी फसगत हा आणखी एक भाग, आणि तो मराठी वाचकांपुरता नाही, इंग्रजांनाही सोडत नाही. ‘द क्लार्क ऑफर्ड द पोस्ट रिफ्यूज्ड.’ पहिल्या वाचनात ‘ऑफर्ड’ हेच मुख्य क्रियापद वाटतं, कारकुनानं कुणाला तरी जागा देऊ केली असं चित्र उभं राहतं, आणि शेवटचा शब्द आला की ते कोसळतं. खरा अर्थ, ज्या कारकुनाला ती जागा देऊ केली होती त्यानं नकार दिला. ‘ऑफर्ड’च्या जागी ‘गिव्हन’ ठेवलं तर काही त्रास होत नाही, कारण ‘गिव्हन’ हा भूतकाळ असूच शकत नाही. बहुतेक इंग्रजी क्रियापदांचा भूतकाळ आणि पार्टिसिपल एकसारखे दिसतात, म्हणून हा चकवा लागतो. टॉमस बेव्हर या मानसभाषाशास्त्रज्ञांनी १९७० साली घोडा आणि गोठा असलेलं असंच एक वाक्य मांडलं आणि माणूस वाक्य कसं उलगडतो यावरच्या संशोधनाला त्यानं मोठा विषय पुरवला. मराठीत या जातीचा चकवा अवघड, कारण ‘-लेला’ वाजला की क्रियापद मुख्य नाही हे तिथल्या तिथे कळतं.

वर्तमानपत्रांचे मथळे, तारांची भाषा आणि मोबाइलवरचे निरोप मी या पुस्तकात घेतलेले नाहीत. तिथेही शब्द गळतात, पण ते जागेच्या आणि पैशाच्या काटकसरीनं. आपली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली तोवर शब्दागणिक पैसे मोजणारा माणूस काहीही गाळायला तयार असे. व्याकरण तिथे निमूट बाजूला व्हायचं. कवितेतले लोपही नाहीत, तो अधिकार माझा नव्हे.

पुस्तक सलग वाचायची गरज नाही. शिक्षकांनी कर्त्याचं प्रकरण आधी घ्यावं, भाषांतर करणाऱ्यांनी ‘-ऊन’चं. कायद्याच्या विद्यार्थ्यांना जागेचं प्रकरण जास्त उपयोगी पडेल. सरावाची वाक्यं मुद्दाम बिलं, नोटिसा, औषधांचे खोके, सोसायटीची इतिवृत्तं यांच्या धर्तीवर रचली आहेत, कारण इंग्रजी आपल्याला भेटतं ते बहुधा तिथेच. त्यांची उत्तरं शेवटी दिली आहेत.

काहींची दिलेली नाहीत. एक वाक्य आहे : ‘आय सॉ हिम कमिंग आउट ऑफ द बँक.’ तो बाहेर येत होता हा अर्थ सरळ आहे, ‘हिम’च्या शेजारी ‘कमिंग’ आहे. पण ‘बँक’मधून बाहेर पडता पडता माझीच नजर त्याच्यावर गेली, असंही कुणी म्हणू शकेल, विशेषतः ‘हिम’नंतर स्वल्पविराम दिला तर. आता मराठी करा : ‘मी त्याला बँकेतून बाहेर पडताना पाहिलं.’ पडणारा कोण? मराठीत तर स्वल्पविरामही मदतीला येत नाही. ‘बाहेर पडताना मी त्याला पाहिलं’ असा क्रम फिरवला तर पारडं माझ्याकडे झुकतं, पण पुरतं नाही. दोन वेगवेगळ्या वर्गांत हे वाक्य टाकून बघा, हात दोन्ही बाजूंना वर होतील.